चित्राच्या पाठीवर लिहिलेलं बघायला आलेल्यांना सांगावं का?

पट्टीवाला (मालवण) | सोमवार, रात्री ११.१०

मंडळी, प्रश्न चित्रांचा आहे, पण मी चित्रकार नव्हे. माझं फ्रेमचं दुकान. वर्षभर देवाच्या तसबिरी, पदवीची सर्टिफिकेटं, लग्नाचे फोटो आणि बाराव्याच्या आदल्या दिवशी घाईने आलेले गेलेल्या माणसांचे फोटो, चंदनी हारासकट. चित्र म्हणावं असं वर्षाला चार-पाच येतात. त्यातली तीन सूर्यास्ताची.

या दिवाळीत एकदम २३ आली. आमच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर आहेत, त्यांचं पहिलं प्रदर्शन लागलंय. बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर घरमालकाच्या मुलाने दिवेबिवे लावून कलादालन केलंय, तिथे, नऊ दिवस. कॅनव्हास मी ताणले, फ्रेमा मी केल्या, टांगलं मी. सरांना फार वेळ बसवत नाही म्हणून खुर्चीतही मीच बसतो. दुपारी जेवायला घरी जातो तेवढा वेळ सर असतात.

चित्रं अमूर्त आहेत. माड नाही, होडी नाही, किल्ला नाही. पण सगळं इथलंच. सर पहाटे स्कूटर घेऊन तोंडवळी, तळाशील, देवबाग, कधी धामापूरच्या तळ्यावर जाऊन बसतात. रंगपेटी नेत नाहीत, नुसती शाळेची दोनशे पानी वही. चित्र नंतर घरी, मागच्या पडवीत. ब्रश कमी. गवंड्याची छोटी थापी आणि गाडीच्या वायपरचं जुनं रबर. जांभ्याची भुकटी फडक्यातून गाळून रंगात घालतात.

क्रमांक ७ बघा. लांबून नुसतं हिरवट. जवळ गेलात की कळतं, हिरवा एक नाही. खाली काळपट थर, त्यावर शेवाळी, तो ओला असतानाच रबराने वरून खाली ओढलाय. मध्येमध्ये खालचा काळा उघडा पडलाय, आणि उजव्या कोपऱ्यात भुकटीचे कण बोटाला लागतात. (बोट लावू नका असं दिवसभर मीच लोकांना सांगतो.)

आता प्रश्न. सरांनी चित्रांना नावं दिलेली नाहीत. खाली फक्त आकडा. पण मी फ्रेमवाला, मला चित्राची पाठ दिसते. पाठीवर सरांनी पेन्सिलीने जागा आणि तारीख लिहिलीय. सहीसुद्धा पाठीवरच. म्हणजे २३ चित्रं कुठली ते या गावात सर आणि मी, दोघांनाच माहीत. आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारतं, 'हे नेमकं काय आहे?'

परवा पुण्याच्या एका कुटुंबाला मी सांगून टाकलं. म्हटलं, ही देवबागची संगमाची बाजू, ऑगस्टातली. झालं! हे पाणी, ही वाळू, तो डोंगर, सगळं त्यांना दिसायला लागलं. मुलगा म्हणाला, मग होडी कुठेय? होडी नव्हती. संगमाबरोबर सेल्फी काढला आणि गेले. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

त्याच दिवशी दांडी किनाऱ्यावरच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. सुक्या मासळीचा धंदा आहे त्यांचा. नातवाला शोधत माडीवर चढल्या होत्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. सातव्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या. मग म्हणाल्या, 'आमच्या पडवेच्या भितीक पावसाळो असोच उतारता.' पाठीवर तर धामापूर लिहिलंय! संध्याकाळी सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, 'कुठली भिंत? पश्चिमेची असणार.'

तर मी करू काय? माहीत असून गप्प बसायचं म्हणजे उगाच भाव खाल्ल्यासारखं वाटतं. सांगावं तर लोक पाटी वाचल्यासारखे पुढे जातात. सरांना विचारलं तर म्हणतात, 'तू खुर्चीत बसतोस, तू ठरव.'

---

जेजेतून पळालेला (डोंबिवली, मूळ कुडाळ) | सोमवार, रात्री ११.५२

सांगू नका.

सविस्तर सांगतो. तुमच्या गावापासून कर्ली नदीवर गेलात की नेरूरपार लागतं. चित्रकार प्रभाकर कोलते तिथले. १९४६ चा जन्म. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत बरीच वर्षं शिकवलं आणि आयुष्यभर अमूर्त चित्रं काढली. म्हणजे हा प्रकार मुंबई-दिल्लीहून आपल्याकडे आलाय असं जे लोक समजतात त्यांना आधी हे सांगा. चित्रकार वासुदेव गायतोंडे तर स्वतःच्या कामाला 'अमूर्त' म्हणायलाही नाखूश असत, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं. रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने काम. सरांची थापी आणि वायपरचं रबर त्याच घराण्यातलं. त्यांच्याही बहुतेक चित्रांना नाव नाही. वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. तिथेही कोणी खुर्चीत बसून हा अमुक समुद्र, हे तमुक धुकं असं सांगत नव्हतं.

तुम्ही 'देवबाग' म्हणालात त्या क्षणी त्या कुटुंबाने चित्र बघायचं सोडलं आणि देवबाग बघायला घेतलं. देवबाग बघायला स्कूटर आहे की.

---

ओटीवरची (सावंतवाडी) | मंगळवार, सकाळी ७.०५

वरच्या भाऊंचं पटत नाही. गुगेनहाइमला जाणारे तिकीट काढून, ठरवून जातात. मालवणात माडीवर कोण येतं? बाजारात आलेलं, पाऊस आला म्हणून आडोशाला शिरलेलं, नातवाला शोधणारं. त्याला नुसता '७' दाखवायचा आणि समज म्हणायचं, हा दुष्टपणा आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवते. तुमच्या सरांनीही पुष्कळ बसवली असणार. त्यात स्मरणचित्र असतं. विषय ठरलेले: बाजार, बसस्टॉप, पाणवठा, सण. मुलाने किती आठवून काढलं यापेक्षा माणसं किती काढली, त्यांचे हात-पाय सुटे दिसतात का, यावर गुण. एकदा माझ्या एका मुलाने 'पावसातला बाजार' काढायला घेतला आणि सगळ्या कागदावर नुसती राखाडी पाण्याची झोड उठवली, खाली दोन छत्र्या. मी त्याला म्हटलं, माणसं घाल रे, गुण जातील. त्याने घातली. चित्राची वाट लागली. बी ग्रेड मिळाली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तुम्ही लिहिलंय की सर तिथे बसतात, वहीत काहीतरी टिपतात आणि रंगवतात घरी. हे स्मरणचित्रच झालं की हो! आयुष्यभर मुलांच्या स्मरणचित्रात माणसं मोजली, आता स्वतःच्या चित्रात एकही घालत नाहीत. मला तर सूड उगवल्यासारखं वाटतं (गंमत करतेय, सरांना सांगू नका).

म्हणून माझं मत: सांगा, पण उशिरा. आधी त्यांना विचारा, तुम्हाला काय वाटलं? मग सांगा. त्या मासळीवाल्या बाईंना 'धामापूर' सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते ऐकायला मला आवडलं असतं.

---

सरळ बोलतो | मंगळवार, सकाळी ९.३०

गायतोंडेंचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटींच्या वर गेलं, ते ठीक. मोठं नाव. पण आमच्या गावातल्या भिंतीवरची ओल १८,००० ला? मी बघून आलोय, किमतीची यादी दारातच लावलीय. त्या म्हाताऱ्या बाईंनी बरोबर ओळखलं. तसली ओल माझ्या घरात फुकट आहे, चार भिंती.

---

पट्टीवाला (मालवण) | मंगळवार, रात्री १०.२०

सरळ बोलतो, तुमच्या चार भिंतींचा पत्ता द्या, सर वही घेऊन येतील. खोटं नाही बोलत, त्यांनी खरंच विचारलंय.

किमतीचं म्हणाल तर १८,००० ला मोठं आहे, चार फुटी. कॅनव्हास, सागाचं स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची चौकट), रंगाच्या नळ्या, माझी फ्रेमची पट्टी आणि मजुरी धरून सरांचे किती सुटतात त्याचा हिशेब मी केलाय. पाच महिन्यांच्या कामाला गवंड्याच्या पंधरा दिवसांच्या रोजाएवढेही नाहीत. आणि मजुरी मी अर्धीच लावलीय, हे इथे कोणी बाजारात बोलू नये. नाहीतर उद्या सगळे अर्ध्या मजुरीत मागायला येतील.

ओटीवरची ताई, आज तुमच्या पद्धतीने केलं. आधी विचारतो, मग सांगतो. निम्मे लोक 'तुम्हाला काय वाटलं' विचारल्यावर असे दचकतात की जणू तोंडी परीक्षा आहे. एक जण 'छान आहे, छान आहे' म्हणत मागे मागे जिन्यापर्यंत गेला. पण एका कॉलेजच्या मुलीने ११ नंबरला 'दुपारी झोपून उठल्यावर डोकं जड होतं ना, तसं' म्हटलं. पाठीवर बघितलं तर 'मे, दुपारी ३, वारा बंद'. अंगावर काटा आला!

आता खरी गोष्ट सांगतो. काल लिहायचं धाडस झालं नाही.

१४ नंबर मी उलटं टांगलंय.

चित्र चौरस आहे, ३० बाय ३०. समोर सही नाही. सरांनी पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण काढलेला असतो, तो बघून मी टांगायच्या डी-रिंगा ठोकतो. या एकाच्या पाठीवर कॅनव्हासच्या कडा वेड्यावाकड्या होत्या म्हणून मी चारही बाजूंनी मास्किंग टेप लावली होती, आणि घाईत बाण टेपेखाली गेला. रिंगा मग अंदाजाने मारल्या. खाली लाल-तांबूस पट्टा, त्यावर रुंद राखाडी. मला वाटलं, सरळ आहे, खाली सडा, म्हणजे जांभ्याचं माळरान, वर पावसाळी ढग.

काल संध्याकाळी चित्र थोडं कलतं दिसलं म्हणून उचललं. इथल्या दमट हवेत टेप कोपऱ्यात सुटलेली. तिच्याखालून पेन्सिलीच्या बाणाचं टोक बाहेर आलेलं, खाली तोंड करून. शेजारी सरांच्या अक्षरात: 'तळाशील, मुखाजवळ, १४ जून.'

मग डोक्यात प्रकाश पडला. तळाशीलला एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. जूनमध्ये पहिले मोठे पाऊस झाले की खाडीतून गढूळ लाल पाणी समुद्रात शिरतं आणि मुखापाशी लांबवर तांबडा पट्टा दिसतो. म्हणजे राखाडी ढग नाहीच. राखाडी ती पायाजवळची ओली वाळू. लाल वर पाहिजे, लांब, आणि राखाडी खाली.

याहून वाईट म्हणजे ते विकलं गेलंय. सगळ्यांत आधी तेच गेलं, रविवारी सकाळी. देवगडहून आलेल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलं. विकलेल्या चित्राला लावायचे लाल गोल स्टिकर इथे कुठे मिळेनात, म्हणून बायकोने टिकल्यांचं पाकीट दिलं होतं, त्यातली पहिली टिकली त्या चित्राला लागली. आणि का आवडलं, तर म्हणाल्या, 'आमच्या सड्यावर पावसाआधी असंच होतं.'

पहिल्याच दिवशी एक आजी नऊ नंबरला बघून म्हणाल्या होत्या, 'ह्यां उलटां तर लावूक नाय मां रे?' तेव्हा मी सगळ्यांना सांगून हसलो होतो. आता हसू येत नाही. सरांना अजून बोललो नाही. सुटलेली टेप बोटाने दाबून ठेवलीय.

---

काळी वाळू (रत्नागिरी) | मंगळवार, रात्री ११.४५

चित्रातलं मला कळत नाही, मी भूगर्भशास्त्र शिकवायचो. पण तुमच्या सरांचा हात कशावर बसलाय ते मला ओळखीचं वाटतं.

भरती ओसरताना पायाशी बघा. पांढरट वाळूवर काळ्या रेघा उमटतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, कधी मोराच्या पिसासारख्या. तो मळ नव्हे. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं लोह-टायटॅनियमचं खनिज आहे. साधी क्वार्ट्झची वाळू पाण्याच्या २.६५ पट जड, तर इल्मेनाइट साधारण ४.७ पट. परतणारी लाट हलकी वाळू उचलून नेते, जड कण तिथेच राहतात. रेघ राहते ती लाटेने न नेलेल्या मालाची. चुंबक फिरवून बघा, काही कण उडी मारून चिकटतील. ते मॅग्नेटाइट.

आता तुम्ही सातव्या चित्राचं लिहिलंत ते परत वाचा. ओला थर रबराने ओढला, वरचं गेलं, खालचं काळं उघडं पडलं. लाट हेच करते. सर समुद्राचं चित्र काढत नसतील, समुद्राचं काम करत असतील. मला एवढंच सुचलं.

जांभ्याचंही तसंच. लाखो पावसाळ्यांनी खडकातलं धुऊन नेण्यासारखं सगळं नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं. गंज म्हणजेच तो तांबडा रंग. तुमच्या १४ नंबरातलं लाल पाणी तोच गंज समुद्राकडे निघालेला. ते वर की खाली हे मी सांगू शकत नाही. पाणी खालीच जातं, पण क्षितिज चित्रात वर असतं.

आणि अमूर्त आपल्याकडे नवीन आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याला राजापूरजवळ देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळापाशी घेऊन जा. कातळात कोरलेला मोठा चौकोन आहे, आत नुसत्या भौमितिक रेघा आणि वळणं. कशेळीला हत्ती आहे, तो ओळखू येतो, लोक त्याचे फोटो काढतात. देवीहसोळच्या चौकोनासमोर मात्र सगळे तोंड बंद करून उभे राहतात. तुमच्या मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळचित्रंही यांच्याबरोबरच २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. खाली आकडासुद्धा लिहिलेला नाही कोणी.

---

जेजेतून पळालेला (डोंबिवली, मूळ कुडाळ) | बुधवार, दुपारी १.१५

पट्टीवाले, घाबरू नका. तुम्ही फार मोठ्या रांगेत उभे आहात.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फ्रेंच चित्रकार मातिसचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. होडी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, कागद कापून केलेलं. लाखभर लोक बघून गेले. शेवटी बघायला आलेल्या एका बाईंच्या लक्षात आलं. दुसरं, डच चित्रकार मोंद्रियानचं रंगीत चिकटपट्ट्यांचं चित्र. ते कित्येक दशकं उलटंच लागलंय असं २०२२ मध्ये जर्मनीतल्या संग्रहालयाने जाहीर केलं. आणि ते सरळ करायचंही नाही असं ठरवलं, कारण पट्ट्या जुन्या झाल्यात, फिरवलं तर सुटतील. बघा, तिथेही टेपच आडवी आली!

आणि रशियन चित्रकार कान्डिन्स्की स्वतः लिहून गेलाय: संध्याकाळी घरी आला तर भिंतीला एक विलक्षण सुंदर चित्र टेकवलेलं दिसलं, आतलं काहीच ओळखू येईना. जवळ जाऊन बघतो तर त्याचंच, आडवं ठेवलेलं.

पण तुमच्या भानगडीत एक गोम आहे. उलटं लागल्यामुळे ते चित्र 'दिसायला' लागलं. खाली जमीन, वर आभाळ. म्हणून सगळ्यांत आधी विकलं गेलं. सरळ असतं तर कदाचित शेवटी राहिलं असतं. म्हणून सांगतो, सरांना सांगा आणि डॉक्टरीणबाईंनाही सांगा. त्या पैसे मोजणार आहेत.

---

दमट घर (वेंगुर्ला) | बुधवार, रात्री ९.००

विषय थोडा बाजूला नेते, माफ करा. गेल्या वर्षी एक कॅनव्हास घेतला, पावसाळ्यात मागून बुरशी आली. पट्टीवाले, काय करायचं?

---

पट्टीवाला (मालवण) | बुधवार, रात्री ९.४०

ताई, बाहेरच्या भिंतीवर, त्यातही पश्चिमेच्या, टांगू नका. आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्रात बोटभर फट राहील, वारा खेळेल. मागे प्लॅस्टिक लावून गच्च बंद करू नका, काही लोक करतात, आत घाम धरतो. आलेली बुरशी ओल्या फडक्याने अजिबात पुसायची नाही. कोरड्या दिवशी अंगणात सावलीत ठेवून मऊ ब्रशने पाठ झाडा, तोंडाला रुमाल बांधून. आणि कॅनव्हासला काच घालू नका. काच कागदावरच्या चित्राला, तीही मध्ये माउंट (पुठ्ठ्याची किनार) देऊन, कागदाला चिकटता कामा नये.

चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा असेल तर आधी बोलवा कोणाला तरी. नुसता गिलावा पकडून राहिलेला खिळा ऑगस्टात चित्रासकट खाली येतो.

बाकी, १४ नंबरचं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. रविवारी शेवटचा दिवस. डॉक्टरीणबाई न्यायला येणार आहेत. तेव्हा दोघेही समोर असतील, तेव्हाच सांगेन.

---

ओटीवरची (सावंतवाडी) | गुरुवार, सकाळी ६.५०

मी शनिवारी मुलांना घेऊन येतेय, सतरा जण. १४ नंबरसमोर आधी उभं करणार, मग पायांत डोकं घालून बघायला सांगणार. तुम्ही खुर्चीतून उठू नका.

---

पट्टीवाला (मालवण) | रविवार, रात्री १०.५५

प्रदर्शन आज उतरवलं. नऊ गेली, चौदा परत सरांच्या पडवीत. ओटीवरच्या ताईंच्या सतरा पोरांनी काल माडीवर ओणवं होऊन चित्रं बघितली, त्यात एकाचा चष्मा जिन्यावरून खाली गेला. काच शाबूत. सर खुर्चीत बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत.

डॉक्टरीणबाई चार वाजता आल्या. मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. चित्र उतरवलं, टेबलावर पालथं घातलं, बबल रॅप मोजायला घेतला. तेवढ्यात बाईंनी पाठ वाचली. मोठ्याने. 'तळाशील, मुखाजवळ, १४ जून.' त्याखाली अजून एक ओळ होती, टेपेत अर्धी गेलेली. त्यांनी नखाने टेप उचलली आणि वाचली: 'छत्री उडाली.'

'मग सापडली का?' त्यांनी सरांना विचारलं.

'नाय गावली,' सर म्हणाले. चहाची बशी तोंडाला लावलेली.

बाई एवढ्यावर खूश. पाणी वर की खाली, सडा की समुद्र, काही विचारलं नाही त्यांनी. पैसे देऊन मोकळ्या झाल्या आणि खाली गाडी दारात लावायला गेल्या. मी तोंड उघडणार होतो, पण टेप आता अख्खी सुटली होती आणि माझं लक्ष बाणाकडे गेलं.

बाण दोन होते. मी बघितला तो जुना, त्यावर दोन तिरक्या रेघा मारून तो खोडलेला. शेजारी दुसरा, उलट्या दिशेचा. मी टांगलं होतं त्याच दिशेचा. तीच पेन्सिल, तसंच टोक, आणि खाली सरांची छोटी सही. टेप दमटपणाने सुटली असं मी समजत होतो. दुपारी मी जेवायला जातो तेव्हा माडीवर सर एकटेच असतात.

मी सरांकडे बघितलं. ते बशी पुसत होते. मी काही बोललो नाही, त्यांनीही नाही. डी-रिंगा आहेत तिथेच ठेवल्या, चित्र गुंडाळलं, बाईंच्या गाडीत मागच्या सीटवर उभं करून दिलं.

आता घरी येऊन विचार करतोय. सोमवारी मला दिसलं तेव्हा टेप आधीच सुटलेली होती. म्हणजे बाण फिरवला तो शनिवारी, रविवारी किंवा सोमवारी दुपारी. टिकली रविवारी सकाळी लागली. सरांनी तो टिकली लागायच्या आधी फिरवला की नंतर, ते पेन्सिलीवरून कळत नाही.